खताची पिशवी उलटी करून वाचा: खानदेशातल्या परसबागेसाठी लेबल आणि सेंद्रिय निवड

खत घेताना बहुतेकजण पिशवीची पुढची बाजू पाहतात. तिथे टवटवीत टोमॅटो असतो, हिरवं पान असतं आणि ‘ऑरगॅनिक’ असा ठसठशीत शब्द असतो. कामाची माहिती मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असते. ती न वाचता केलेल्या खरेदीतून जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या अंगणांत त्याच त्या चुका दिसतात. पान पिवळं पडलं की मूठभर युरिया, फुलं गळाली की बोन मील (हाडांचा चुरा) आणि काहीच सुचलं नाही तर चुलीची राख.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मोबाइलवर मिळणारे बागेचे बरेचसे सल्ले आम्लधर्मी मातीचे असतात, जास्त पावसाच्या प्रदेशातले. तापीकाठची काळी माती नेमकी उलट्या स्वभावाची आहे. तिथे जे औषध ठरतं ते इथे रोग वाढवतं. म्हणून आधी माती, मग लेबल, मग हिशोब आणि शेवटी दुकान, हा क्रम पाळा. सगळे उलटे जातात आणि दुकानापासून सुरुवात करतात.

## टप्पा १: माती कोणती आहे ते ठरवा

काळ्या पाषाणापासून बनलेली आपली भारी जमीन साधारणपणे अल्कधर्मी असते. सामू (पीएच) ७.५ ते ८.५ च्या दरम्यान निघणं नेहमीचं आहे. खोदताना पांढरे चुनखडीचे खडे लागले तर चुना भरपूर आहे असं समजा. अशा जमिनीत पालाश (पोटॅश) बहुधा पुरेसा असतो, नत्र (नायट्रोजन) आणि सेंद्रिय कर्ब (कार्बन) कमी पडतात. स्फुरद (फॉस्फरस) असूनही चुन्यात अडकून बसतो. लोह आणि जस्त यांचीही तीच गत.

अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात किंवा नवापूरकडच्या जास्त पावसाच्या पट्ट्यात चित्र वेगळं असू शकतं. तिथली मुरमाड, हलकी जमीन वेगळं खत मागते. त्यामुळे ‘खानदेशची माती’ म्हणून सगळ्यांना एकच औषध लावू नका.

घरी करायची एक सोपी चाचणी आहे. वाळलेली चमचाभर माती बशीत घ्या, तिच्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाका. फसफस झाली तर मुक्त चुना आहे. फसफस नाही म्हणजे चुना नाहीच असं मात्र नाही, कारण व्हिनेगर सौम्य असतं. संडास धुण्याचं अ‍ॅसिड यासाठी वापरायची गरज नाही.

पक्कं उत्तर माती परीक्षणातूनच मिळतं. नमुना असा घ्या:

१. आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग या काळात, खत घालण्याआधी नमुना काढा. नुकतंच शेणखत पसरलेल्या वाफ्यातला नमुना फसवतो.
२. बागेत पाच-सहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करा आणि सहा इंच खोल, इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घ्या. खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची पातळ चकती घ्या.
३. सगळी माती स्वच्छ कापडावर एकत्र करा. चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा.
४. सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत भरा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजकं फावडं आणि खताची जुनी गोणी दोन्ही टाळा.

नमुना जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून द्या. अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि पालाश हे आकडे बघा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याखाली असेल तर बाकी काही विकत घेण्याआधी कंपोस्टची सोय करा.

तपासणी: कुंड्यांची बाग असेल तर हा अहवाल तुमच्या कामाचा नाही. कुंडीत माती थोडी आणि भर जास्त असते, शिवाय पाणी रोज वाहून जातं. कुंडीचा हिशोब पुढे वेगळा दिला आहे.

## टप्पा २: तीन आकडे आणि त्यांच्या आजूबाजूचं

१०:२६:२६ किंवा १९:१९:१९ हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश याच क्रमाने असतात. ते वजनाचे टक्के आहेत. १०:२६:२६ च्या ५० किलोच्या गोणीत ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश असतो. उरलेल्या १९ किलोंत माती भरलेली नसते. हे घटक ज्या संयुगांत बांधलेले असतात, त्यांचंच ते उरलेलं वजन.

आता एक बारकावा. लेबलवरचा स्फुरद हा स्फुरदाच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेला असतो, पालाशही तसाच. शुद्ध स्फुरद त्या आकड्याच्या सुमारे ४४ टक्के आणि शुद्ध पालाश सुमारे ८३ टक्के असतो. दोन पिशव्यांची तुलना करताना हे रूपांतर लागत नाही, कारण दोन्हीकडे मोजमाप एकच. पण माती परीक्षणाचा अहवाल आणि पिशवी शेजारी ठेवताना दोन्ही आकडे एकाच रूपात आहेत ना, एवढं बघा.

नेहमीचे काही आकडे पाठ असलेले बरे. युरियात ४६ टक्के नत्र. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) १८:४६:०. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश. सेंद्रियच घ्यायचं ठरवलं असलं तरी हे आकडे उपयोगी पडतात, कारण बनावट ‘सेंद्रिय’ ओळखायची फूटपट्टी हीच.

आकड्यांखालची ओळही वाचा. डीएपीचा स्फुरद ४६ असला तरी त्यातला पाण्यात विरघळणारा साधारण ४० असतो. सुपर फॉस्फेटच्या १६ पैकी १४.५. चुनखडीच्या जमिनीत हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

लेबलवर या गोष्टी असल्याच पाहिजेत: खताचं नाव, घटकांचं प्रमाण, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव आणि पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, कमाल किरकोळ किंमत. हे नियम खत नियंत्रण आदेश, १९८५ मधून येतात आणि तो आदेश अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली आहे. म्हणजे पाठीमागे कायदा आहे, दुकानदाराची मर्जी नाही.

ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खतांच्या गोण्यांवर ‘भारत’ हे एकच नाव मोठ्या अक्षरात येतं: भारत युरिया, भारत डीएपी वगैरे. कंपनीचं नाव आणि तपशील गोणीच्या उरलेल्या लहान भागात असतो. तेव्हा ‘भारतच द्या’ म्हटल्याने काही ठरत नाही.

इशारा: घरच्या बागेला ५० किलोची गोणी नको असते, म्हणून कृषी सेवा केंद्रातून किलो-दोन किलो सुटं खत प्लास्टिकच्या पिशवीत आणलं जातं. त्या पिशवीला लेबल नसतं. दोन महिन्यांनी ते पांढरे दाणे युरियाचे की आणखी कशाचे, घरातल्या कोणालाच आठवत नाही. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक बंद पिशवी घ्यावी, किंवा निदान मूळ गोणीच्या लेबलचा फोटो काढून सुट्या पिशवीवर नाव आणि तारीख लिहावी.

## टप्पा ३: ‘सेंद्रिय’ शब्दाची झाडाझडती

दुकानाच्या एकाच फळीवर चार वेगळ्या जातीच्या वस्तू शेजारी ठेवलेल्या असतात आणि चौघींवर हिरवं पान छापलेलं असतं.

सेंद्रिय खत: गांडूळ खत, शहरी कंपोस्ट, पेंडी, हाडांचा चुरा. यात अन्नद्रव्यं असतात, पण थोडी.

जैविक खत, म्हणजे जिवाणू खत: रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू अर्थात पीएसबी. यात अन्न नसतं, अन्न मिळवून देणारे जीव असतात. लेबलवर नत्र-स्फुरदाऐवजी जिवाणूंची संख्या बघायची असते.

बायोस्टिम्युलंट: ह्युमिक अ‍ॅसिड, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो अ‍ॅसिड. २०२१ मध्ये हे पदार्थ खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आले. हे टॉनिक आहे, जेवण नाही. खत न घालता नुसतं हेच फवारणाऱ्यांच्या झाडांना पुढे कुपोषण होतं.

रासायनिक खत, हिरव्या वेष्टनात: खरी फसगत इथे आहे. नीम कोटेड युरिया हा युरियाच आहे, निंबोळी तेलाचा लेप दिल्याने तो सेंद्रिय होत नाही. नॅनो युरियाही सेंद्रिय नाही. बाटलीवर ‘प्लांट फूड, नॅचरल’ असं असेल आणि मागे १९:१९:१९ असेल तर ते सरळ सरळ विद्राव्य रासायनिक खत आहे. रासायनिक म्हणून ते वाईट ठरत नाही. त्याला सेंद्रियाचा भाव देणं हा मात्र मूर्खपणा.

ओळखायचा ढोबळ नियम असा: पिशवीवर सेंद्रिय लिहिलंय आणि तिन्ही आकड्यांची बेरीज १५ च्या वर जातेय, तर थांबा. शेण, पालापाचोळा किंवा पेंड यांतून एवढी बेरीज येत नाही. अपवाद मोजके आहेत. हाडांच्या चुऱ्यात एकटा स्फुरद २० च्या पुढे असतो. मळीपासून मिळणाऱ्या पालाशयुक्त खतात पालाश किमान १४.५ टक्के असतो. या दोन्हींत एकच आकडा मोठा असतो, तिन्ही नाही. तिन्ही आकडे एकसारखे आणि मोठे दिसले की विषय संपला.

‘जैविक भारत’चं चिन्ह अन्नपदार्थांसाठी आहे. खताच्या पिशवीवर ते पाहून खूश होऊ नका. खतासाठी विचारायचं ते एवढंच: कोणत्या प्रमाणन संस्थेने हे खत सेंद्रिय शेतीत वापरायला मान्यता दिली आहे? मान्यता असेल तर संस्थेचं नाव लेबलवर किंवा पत्रावर दाखवता येतं. घरच्या वांग्याला प्रमाणपत्राची गरज नसते, पण हा प्रश्न विचारला की विक्रेत्याचा चेहरा बरंच सांगून जातो.

## टप्पा ४: सेंद्रिय पिशवीचं लेबल कसं वाचायचं

गांडूळ खताच्या पिशवीवर मानकाप्रमाणे नत्र किमान १ टक्का, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी किमान ०.८ टक्का, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के आणि ओलावा १५ ते २५ टक्के अशा मर्यादा दिसतात. सर्वांत महत्त्वाची ओळ ओलाव्याची, आणि तीच कोणी वाचत नाही. १० किलोच्या पिशवीत ४० टक्के ओलावा असेल तर चार किलो पाण्याचे पैसे तुम्ही भरले. आपल्याकडे मे महिन्यात दुकानातच ते पाणी उडून जातं. उरतं हलकं, कोरडं भुसभुशीत काहीतरी, ज्यातले जीव कधीच मेलेले असतात.

शहरी कंपोस्टच्या लेबलवर दोन गोष्टी बघा. कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या खाली हवं. त्याहून जास्त असेल तर माल अजून कुजतोय आणि तो मातीतलाच नत्र खाऊन टाकील. दुसरी गोष्ट क्षारता, ती ४ च्या वर नको. बोअरचं क्षारट पाणी घालणाऱ्यांनी तर हा आकडा जितका कमी तितका चांगला मानावा.

पेंडींचे ढोबळ आकडे असे: निंबोळी पेंडीत नत्र ५ टक्क्यांच्या आसपास, एरंडी पेंडीत ४ ते साडेचार, करंज पेंडीत ४ च्या जवळपास, शेंगदाणा पेंडीत ७ च्या आसपास. शेणखतात सगळं मिळून अर्धा टक्का नत्र. तुमच्या पिशवीवरचा आकडा याच्या दुप्पट असेल तर त्यात वरून काहीतरी मिसळलंय.

जिवाणू खताचं लेबल वेगळं. पावडरीच्या पाकिटात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी, द्रवरूप बाटलीत मिलीलिटरमागे किमान १० कोटी, ही मर्यादा आहे. वापराची अंतिम तारीख आणि कोणत्या पिकासाठी हे लिहिलेलं असतं. हरभऱ्याचं रायझोबियम चवळीला चालत नाही.

## टप्पा ५: इथल्या मातीसाठी काय घ्यायचं, काय नाही

चुलीची राख नको. राख अल्कधर्मी असते. सामू ८.२ असलेल्या वाफ्यात ती टाकणं म्हणजे तापलेल्या तव्याखाली आणखी एक लाकूड सरकवणं. राखेत पालाश असतो हे खरं, पण काळ्या जमिनीत त्याचीच कमी नसते. भांडी घासायला वापरा.

चुना किंवा डोलोमाइट मुळीच नको. ‘टोमॅटोला कॅल्शियम हवं’ म्हणून लोक चुना टाकतात. आपल्या जमिनीत कॅल्शियम ठासून भरलेलं असतं. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमित पाळ्यांमुळे. पाणी सुधारा.

बोन मील: कुंडीत ठीक, जमिनीत वाया. हाडांतला स्फुरद आम्लधर्मी मातीत विरघळतो. चुनखडीच्या जमिनीत तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. रॉक फॉस्फेटचंही तेच. स्फुरद हवा असेल तर चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि सोबत पीएसबी हा मार्ग इथे जास्त चालतो.

शेणखत: पूर्ण कुजलेलं असेल तरच. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी बागेत येते. कुजलेलं खत काळपट असतं, हातात भुगा होतं, त्याला शेणाचा वास येत नाही.

निंबोळी पेंड घ्या. नत्रही मिळतो आणि मुळांभोवतीच्या सूत्रकृमींवर (सूक्ष्म जंतांवर) थोडा वचकही बसतो. भरताच्या वांग्यांसाठी आणि मिरचीसाठी मी हिलाच पहिली पसंती देतो.

एरंडी पेंड जपून. खत चांगलं, पण तिच्यात विषारी अंश असतो आणि कुत्री तिच्या वासाने येऊन उकरून खातात. घरात कुत्रं, मांजर किंवा रांगतं मूल असेल तर आणूच नका.

सरकीची ढेप बागेत टाकू नका. नत्र भरपूर आहे, पण ती म्हशीला घाला आणि म्हशीचं शेण बागेला. दोघींचं भागतं.

कोंबडी खत: नत्र जास्त, क्षारही जास्त. ताजं टाकलं तर रोपं करपतात. इतर कंपोस्टमध्ये मिसळून, मुरवून, तेही पावसाळ्यातच.

कोकोपीट हे खत नाही. ओलावा धरण्यासाठी ते उत्तम, पण ‘कोकोपीट घातलंय, आता खत कशाला’ असं म्हणणाऱ्यांच्या कुंड्या महिनाभरात पिवळ्या पडतात.

घरच्या घरी मिळणाऱ्या गोष्टींत रावेर-यावल पट्ट्याला केळीच्या खोडाचा मोठा फायदा आहे. घड काढल्यावरचं खोड बारीक तुकडे करून शेणकाल्यासोबत खड्ड्यात घातलं की पालाशयुक्त कंपोस्ट तयार होतं. अख्खं खोड टाकलं तर ते महिनोनमहिने पाणी धरून सडत बसतं. कपाशीच्या काड्यांचं तसं नाही. त्या कुट्टी यंत्रातून बारीक केल्याशिवाय कुजत नाहीत. घराजवळ त्यांचा ढीग रचून ठेवला तर त्यात गुलाबी बोंडअळीच्या अळ्या आणि कोष राहतात, आणि शेजारच्या वावराला पुढच्या हंगामात त्याचा फटका बसतो. ढीग नको, कुट्टी करा.

पिवळेपणाचा गोंधळ. खालची जुनी पानं सगळीकडून पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोहाची. या दुसऱ्या प्रकारात युरिया किंवा पेंड घालून काहीच होत नाही. इथेही लेबल वाचावं लागतं. लोहाच्या चिलेटेड पाकिटावर ‘ईडीटीए’ असेल (लोह १२ टक्के) तर ते फवारणीला वापरा, कारण जास्त सामूच्या मातीत ते टिकत नाही. मातीत घालायचं असेल तर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं (लोह ६ टक्के) हवं. आकडा निम्मा दिसतो म्हणून लोक ते परत ठेवतात आणि १२ टक्केवालं मातीत ओततात. महाराष्ट्रात मिळणाऱ्या मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांवरही ग्रेड बघा: ग्रेड १ जमिनीतून देण्यासाठी, ग्रेड २ फवारणीसाठी. ही पाकिटं सेंद्रिय नव्हेत. प्रमाणपत्र घेतलेल्यांनी आधी आपल्या संस्थेला विचारावं.

## टप्पा ६: किती लागेल त्याचा हिशोब

चार बाय आठ फुटांचा वाफा धरा. तो जवळपास ३ चौरस मीटर होतो. फळभाज्यांना हेक्टरी १०० किलो नत्र असं ढोबळमान धरलं, तर चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे वाफ्याला ३० ग्रॅम.

युरियातून हे ३० ग्रॅम नत्र द्यायला ६५ ग्रॅम पुरे. ५ टक्क्यांच्या निंबोळी पेंडीतून ६०० ग्रॅम लागेल. १ टक्क्याच्या गांडूळ खतातून ३ किलो. अर्ध्या टक्क्याच्या शेणखतातून ६ किलो.

पण सेंद्रिय खतातला सगळा नत्र पहिल्याच हंगामात मोकळा होत नाही. शेणखतातला साधारण एक-तृतीयांश, गांडूळ खतातला निम्म्याच्या आसपास धरून चाला. म्हणून एकट्या कंपोस्टवर वांगी नीट पोसली जात नाहीत आणि एकट्या पेंडीवर माती सुधारत नाही. मी सुचवीन ती जोडी अशी: लागवडीआधी ६ किलो कुजलेलं शेणखत किंवा ३ किलो गांडूळ खत, आणि वाढीच्या काळात ३०० ते ४०० ग्रॅम निंबोळी पेंड, दोन हप्त्यांत.

पैशाचा हिशोब पिशवीवर न करता नत्राच्या किलोवर करा. समजा गांडूळ खत १५ रुपये किलो आणि त्यात १ टक्का नत्र. म्हणजे नत्राचा किलो १,५०० रुपयांना पडला. पेंड ४० रुपये किलो आणि ५ टक्के असेल तर नत्राचा किलो ८०० रुपयांना. ‘महाग’ पेंड इथे स्वस्त ठरते. गांडूळ खत मात्र नुसत्या नत्रासाठी घेत नाहीत, कर्बासाठी घेतात. घरी कंपोस्ट होत असेल तर विकतचं गांडूळ खत सोडून द्या आणि त्या पैशाची पेंड आणा.

बारा इंचांच्या कुंडीला दर दीड महिन्याने दोन मुठी गांडूळ खत आणि २० ते २५ ग्रॅम निंबोळी पेंड पुरे. चवळी, वाल, घेवडा या शेंगवर्गीय वेलांना पेंड जवळजवळ नकोच. नत्र जास्त झाला की पाला माजतो, शेंगा लागत नाहीत.

## टप्पा ७: पिशवी घरी आल्यावर

दुकानातून पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्या. मालात गडबड निघाली तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे जाताना हा कागदच बोलतो.

१. गांडूळ खत मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये. पावसानंतरच्या मातीसारखा वास हवा. आंबट किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर माल कच्चा.
२. पिशवीच्या मध्यभागी हात घाला. गरम लागलं तर कुजण्याची क्रिया चालू आहे. महिनाभर सावलीत पसरून, पाणी शिंपडून ठेवा.
३. निंबोळी पेंड ग्लासभर पाण्यात टाकून अर्धा तास ठेवा. पेंड फुगून सुटते, पाणी तपकिरी होतं आणि कडवट वास येतो. तळाशी वाळूचा थर बसला तर भेसळ आहे.
४. कोणत्याही कंपोस्टची शेवटची परीक्षा बियांची. एका वाटीत निव्वळ माती, दुसरीत माती आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं. दोन्हींत दहा-दहा मेथीचे दाणे पेरा. आठवड्याभरात कंपोस्टच्या वाटीत उगवण स्पष्ट कमी दिसली तर ते खत अजून बागेत नेऊ नका.

## टप्पा ८: घालण्याची वेळ आणि पद्धत

आखाजीच्या पुढे, पारा ४३-४४ वर असताना पेंड किंवा कोंबडी खत घालू नका. कंपोस्टचा पातळ थर देऊन वर पालापाचोळ्याचं आच्छादन करा, एवढंच त्या काळातलं काम. मृगाचा पाऊस पडून माती थंड झाली की मुख्य खत मिसळा. पेंडीचा पहिला हप्ता लागवडीनंतर तीन आठवड्यांनी, दुसरा फुलोऱ्याच्या सुमारास. पावसाळी वांग्यांना हा दुसरा हप्ता बहुधा श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आसपास येतो.

पेंड खोडाला चिकटवू नका. चार ते सहा इंच दूर गोल आळं करा, पेंड टाका, मातीने झाका आणि लगेच पाणी द्या. उघडी पेंड बुरशी धरते, उंदरांना बोलावते.

कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी खरपुडी दिसली तर खत थांबवा. ते क्षार आहेत. कुंडीच्या खालून पाणी वाहीपर्यंत दोन-तीन वेळा गोडं पाणी सोडा. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर सर्वांत उत्तम.

जिवाणू खतं सगळ्यात शेवटी, आणि संध्याकाळी. ओलसर कंपोस्टमध्ये मिसळून मुळांजवळ द्या. रासायनिक खत, बुरशीनाशक किंवा राख यांच्यासोबत कधीच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेलं पाकीट अंतिम तारखेच्या आत असलं तरी त्यातले जिवाणू जिवंत असतील याचा भरवसा धरू नका. ते पावसाळ्याच्या तोंडावर, ताज्या मालातून घ्या आणि आणल्या आठवड्यात वापरा. पावडरीचं पाकीट साधारण सहा महिने टिकतं, द्रवरूप बाटली वर्षभर, तेही थंड जागी ठेवली तर.

सेंद्रिय खताचा परिणाम दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी पान हिरवं झालं नाही म्हणून दुसरी मूठ टाकू नका. तीन आठवड्यांनीही काही फरक नसेल तर पुन्हा पान बघा, जुनं पिवळं की नवं, आणि टप्पा ५ मधल्या लोहाच्या परिच्छेदाकडे परत या.